बाखला वीजजोडणी

सिंथेसायझर हा शब्द मध्यमवर्गीय मराठी घरात शिरला तो लग्नाच्या स्वागतसमारंभातून. डाव्या हाताला आइस्क्रीमचं टेबल, उजव्या हाताला चमकीचा कोट घातलेला एक इसम, आणि त्याच्यासमोर इस्त्रीच्या टेबलासारख्या तिरप्या पायांवर ठेवलेली एक लांबट काळी पेटी. हा इसम एका हाताने व्हायोलिन वाजवतो, दुसऱ्या हाताने बासरी वाजवतो, आणि कुठलाच हात न लावता तबला वाजवतो. शिवाय मधूनमधून माइकवरून 'मुलाकडच्या मंडळींनी जेवून घ्यावं' अशी सूचनाही देतो. त्यामुळे 'सिंथेसायझरवर वाजवलेला बाख' एवढं नुसतं म्हटलं, की सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर, आमरसात सॅकरीन घातल्याचं दुसऱ्या वाटीनंतर कळल्यावर उमटतात, तसे भाव उमटतात.

आमचे पुण्याचे साडू हे या चेहऱ्याचे मानकरी. पाश्चात्त्य अभिजात संगीत त्यांच्याकडे वडिलोपार्जित आलेलं आहे. दोन ट्रंका एलपी आणि एक गुडघेदुखी यांच्यासह. त्यांच्यासमोर मी वेंडी कार्लोस हे नाव काढलं मात्र, साडू सोफ्यात ताठ झाले.

"अहो, बाख म्हणजे देवघर. देवघरात ट्यूबलाइट लावता का तुम्ही?"

साडूंच्या देवघरात गेली कित्येक वर्षं विजेवरची समई तेवते आहे. तिची ज्योत प्लॅस्टिकची असून लुकलुकते. खाली एक बटण आहे, ते दाबलं की आतून गायत्रीमंत्र सुरू होतो. पण हे साडूंना बोलून दाखवणं म्हणजे मेहुणीच्या हातच्या चहाला कायमचं मुकणं. मी नुसतं समईकडे पाहिलं. ती लुकलुकली.

यंत्राच्या बाबतीत आपलं हे असंच आहे. पेटी परदेशी, पेटीत मींड निघत नाही, पेटी गाण्याला बारा खणांच्या कपाटात कोंबते, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं. ती १९७१ पर्यंत बाहेर उभी होती. आज पेटीशिवाय आपल्या गाण्याचं पान हलत नाही. तंबोऱ्याचंही तेच. १९७९ साली बंगळूरच्या राज नारायण यांनी विजेवरचा तंबोरा तयार केला, आणि आता सदाशिव पेठेतल्या ज्या ज्या माडीवरून गाण्याच्या क्लासचा आवाज येतो, तिथे कोपऱ्यात ट्रान्झिस्टरएवढी एक डबी बसलेली असते. ती दमत नाही, तिची तार तुटत नाही, आणि गुरुजींचा पुतण्या आहे म्हणून तिला मागे बसवावी लागत नाही. तेव्हा 'यंत्र आहे म्हणून वाईट' हा मुद्दा निदान आपण मराठी माणसांनी काढू नये. यंत्रापुढे कोण बसलं आहे आणि ते काय करतं आहे, एवढंच विचारावं.

१९६८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने 'स्विच्ड-ऑन बाख' नावाची एलपी काढली, तिच्या यंत्रापुढे वेंडी कार्लोस बसल्या होत्या. बाई संगीत शिकलेल्या आणि पदार्थविज्ञानही शिकलेल्या. यंत्र बनवलं होतं रॉबर्ट मोग यांनी, १९६४ साली. या आडनावाचं स्पेलिंग बघून आपण सगळे 'मूग' म्हणतो. खरा उच्चार 'मोग'. पण आपल्याकडे मूग एकदा गिळला की बाहेर काढणं कठीण.

हा मोग म्हणजे लग्नातली काळी पेटी नव्हे, हे साडूंना पटवताना माझा अर्धा दिवस गेला. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा फोटो तुम्ही पाहिला असेल. भिंतभर भोकं, आणि इकडच्या भोकातून तिकडच्या भोकात वायरी खुपसणारी ऑपरेटर. मोग तसा दिसे. त्यावर 'व्हायोलिन' असं लिहिलेलं बटण कुठेही नव्हतं. आत होते ते विजेच्या लाटा काढणारे आंदोलक: एक लाट करवतीच्या दात्यांसारखी, एक चौकोनी, एक त्रिकोणी. ऐकायला सगळ्या कच्च्याच. त्या लाटेला चाळणी लावायची, नको ते कंगोरे काढून टाकायचे. मग आवाज उमटताना एकदम उमटावा की हळूहळू, किती वेळ टिकावा, विझताना कसा विझावा, हे दुसऱ्या कळांनी ठरवायचं. म्हणजे पुरणपोळी खायची तर सुरुवात डाळ निवडण्यापासून. एवढं करून एका वेळी एकच पोळी. तुम्ही दोन पट्ट्या दाबा, चार दाबा, मोगमधून सूर एकच निघणार. आणि तोही जागेवर राहील याची खात्री नाही. यंत्र जरा तापलं की सूर सरकायचा. चार मात्रा वाजवा, थांबा, सूर लावा, पुढच्या चार मात्रा वाजवा. आमच्या गल्लीत पाणी येतं तसं हे संगीत तुकड्या-तुकड्याने यायचं.

आणि अशा यंत्रावर बाईंनी बाखची तिसरी ब्रँडनबर्ग कंचेर्तो घेतली. मुळात ती आहे तीन व्हायोलिनं, तीन व्हिओला, तीन चेलो आणि त्यांच्या पायाशी बास व हार्पसिकॉर्ड यांच्यासाठी. प्रत्येक ओळ निराळी. बाईंनी एकेक ओळ एकेकदा वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवले. निर्मात्या म्हणून रेचल एल्काइंड आणि मदतीला बेंजामिन फोकमन होते. पण विचार करा, ही जवळजवळ एकट्या माणसाने वाढलेली पंगत आहे. मीठ वाढत शेवटच्या पानापर्यंत जायचं, परत येऊन लिंबू, परत येऊन चटणी. आणि पहिल्या पानावरच्या भाताची वाफ तोवर जाऊ द्यायची नाही. ती वाफ गेलेली नाही, हे या रेकॉर्डचं पहिलं आश्चर्य. तुकडे जोडल्याचा पत्ता लागत नाही. लय अशी उडते, की महिनोन्‌महिने वायरी खुपसून हे बनवलंय यावर विश्वास बसू नये. १९७० साली तिला तीन ग्रॅमी मिळाले आणि १९८६ साली अमेरिकेतला खप दहा लाखांच्या वर गेल्याची नोंद झाली. बाखच्या एलपीला हे म्हणजे कीर्तनाची तिकिटं काळ्या बाजारात विकली जाण्यासारखं आहे.

आता साडूंचा देवघराचा मुद्दा. रेकॉर्डची सुरुवात होते ती एकोणतिसाव्या कँटाटाच्या सिन्फोनियाने. ही रचना मुळात एकट्या व्हायोलिनसाठी बाखने लिहिलेल्या तिसऱ्या पार्टिटातली. पुढे १७३१ साली स्वतः बाखने ती उचलून ऑर्गनच्या हातात दिली आणि मागे कर्णे, नगारे यांच्यासह वाद्यवृंद उभा केला. म्हणजे एका व्हायोलिनवाल्याची खोली घेऊन तिचा मंगल कार्यालय केला! विवाल्डीची चार व्हायोलिनांची कंचेर्तो बाखने चार हार्पसिकॉर्डांवर चढवली. देवघरातला देवच जिथे दर दोन वर्षांनी सामान हलवत होता, तिथे साडूंनी समईची जागा ठरवून काय उपयोग? बाईंनी पहिलीच रचना ही निवडली, यात मला तरी शहाणपण दिसतं.

बाखचं बरंचसं संगीत असं आहे, की एकाच वेळी तीनचार जण बोलत असतात, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं, आणि तरी भांडण होत नाही. (हे संगीत एकत्र कुटुंबात का निर्माण झालं नाही, ते यावरून कळेल.) वाद्यवृंदात ऐकताना मात्र होतं असं, की आपल्याला वरच्या व्हायोलिनांचं ऐकू येतं, खालच्या चेलोंचं जाणवतं, आणि मधल्या तीन व्हिओला आमटीत डाळ एकजीव व्हावी तशा विरघळून जातात. सगळीच वाद्यं एका लाकडाची, एका जातीची. वेगळी ओळखणार कशी? कार्लोसबाईंनी काय केलं, तर प्रत्येक ओळीला निराळा आवाज दिला. एक नाकात बोलणारा, एक घुमणारा, एक टोकदार. डावीकडचा प्रश्न विचारतो, उजवीकडचा तोच प्रश्न उलट त्याला विचारतो, आणि मधला 'माझं ऐका' म्हणतो तेव्हा त्याचंही ऐकू येतं. हे आवाज कुठल्याही वाद्याची नक्कल करत नाहीत. व्हायोलिन असल्याचा आव नाही, त्यामुळे व्हायोलिन नसल्याची लाजही नाही. दोन ओळींच्या ज्या छोट्या इन्व्हेन्शन्स रेकॉर्डवर आहेत, त्या तर बायका धुणं वाळत घालताना गॅलरीतून गॅलरीत गप्पा मारतात तितक्या लख्ख आणि चुणचुणीत आहेत.

सगळंच जमलं आहे असं नाही. जी तारेवरची म्हणून प्रसिद्ध असलेली एअर या रेकॉर्डवर आहे, ती मी जागा मिळेल तिथे वगळतो. तिथे लांब सूर आहेत. माणसाने गजाने काढलेला लांब सूर सुरुवातीला एक असतो, मधे दुसरा असतो, आणि संपताना त्याला काहीतरी आठवलेलं असतं. मोगचा लांब सूर नुसता चालू असतो. इथे साडूंची ट्यूबलाइट खरी आहे, हे मी मान्य करतो. (साडूंसमोर नाही.)

तिसऱ्या ब्रँडनबर्गच्या मधल्या भागाची गंमत निराळी. बाखने तिथे सुरांचे दोन जुडगे, बस, एवढंच लिहून ठेवलं आहे. पहिला भाग संपला, दोन जुडगे, तिसरा भाग सुरू. मधे काय वाजवावं यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी ते दोन जुडगे वाजवून निमूट पुढे जातात, कोणी थोडी आतषबाजी करतात. बाईंना ही मोकळी जागा दिसली आणि त्यांनी तिथे यंत्राच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं मांडलं: कुईकुई, घरघर, घुमणं, घसरणं. इतका वेळ बाखचं बोट धरून शहाण्यासारखं चाललेलं यंत्र यजमान आत गेल्याबरोबर कपाटं उघडून बघतं, तसं वाटतं.

कपाटं उघडण्याची हौस ज्यांनी आयुष्यभर केली ते दुसरे गृहस्थ म्हणजे जपानचे इसाओ तोमिता. त्यांनी १९७१ साली अमेरिकेहून मोग मागवला. जपानच्या कस्टम्सने तो अडवून ठेवला. एवढ्या वायरींचं हे धूड म्हणजे वाद्य आहे, हे त्यांना पटेना; वाद्य असेल तर वाजवून दाखवा, म्हणाले. आता मोग वाजवून दाखवणं म्हणजे बैल दाखवून 'यातून भाकरी निघते' हे सिद्ध करणं. मधे नांगरणी, पेरणी, दळण, सगळंच आहे. यथावकाश यंत्र सुटलं, तोमिता ते घरी घेऊन बसले, आणि १९७४ साली 'स्नोफ्लेक्स आर डान्सिंग' ही देब्युसीच्या रचनांची रेकॉर्ड आली. जपानी कंपन्यांनी ती घेतली नाही. न्यूयॉर्कच्या आरसीएने घेतली, आणि ती जगभर गाजली.

कार्लोसबाई ओळी दाखवतात, तोमिता रंग दाखवतात. देब्युसीचे हे तुकडे बहुतेक पियानोचे. तोमितांनी त्यातून अख्खा वाद्यवृंद काढला, तोही पृथ्वीवर नसलेला. कोणी शीळ घालतं, कोणी 'आऽ' लावतं, कोणी दवबिंदूसारखं टपकतं. 'बुडालेलं कॅथीड्रल' हा तुकडा ऐकावा. समुद्रात बुडालेलं देऊळ धुक्यातून वर येतं, घंटा वाजतात, पुन्हा बुडतं. पियानोवर हे सगळं सुचवलेलं असतं. तोमितांच्या रेकॉर्डवर पाणी कानात जातं.

आणि तिथेच माझं आणि तोमितांचं थोडं बिनसतं. आवडत्या कादंबरीवर सिनेमा निघावा, नायिका फार सुंदर असावी, आणि तरी आपल्या मनात जी होती तिला कोणीतरी घरातून हाकललं असं वाटावं, तसं होतं. तोमिता एकही सूर एकटा सोडत नाहीत. प्रत्येक सुराला झगा, टोपी, पायांत चाळ. मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन'मध्ये (ही तोमितांची १९७५ ची रेकॉर्ड) अंड्यातल्या पिल्लांचा नाच आहे. मुळात १८७४ सालचा पियानो. १९२२ साली राव्हेलने त्याला वाद्यवृंदाचं रूप दिलं आणि आज लोकांना तेच मूळ वाटतं. दोघांच्याही हातात ती पिल्लं नाचतात. तोमितांकडे ती चक्क चिवचिवतात. लहान मुलांना फार आवडतं. मलाही आवडलं, पण दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी पिल्लांचीच वाट बघत होतो, संगीताची नव्हे.

मात्र तोमितांचा खरा पराक्रम 'द प्लॅनेट्स', १९७६. हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९१४ ते १९१७ या काळात ही रचना लिहिली ती दुर्बिणीतून बघून नव्हे, तर पत्रिकेतून बघून. होल्स्टला फलज्योतिषाचा नाद होता. (संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावणारा आणि 'सावित्री' नावाचा ऑपेरा लिहिणारा माणूस हा. आपल्याकडे असता तर दर गुरुवारी कोणाची तरी पत्रिका जुळवत बसला असता.) त्यामुळे त्याचा मंगळ युद्ध घेऊन येतो, गुरू आनंद आणतो, आणि शनी म्हातारपण. ती शनीची रचना ऐकताना साडेसातीचं सातवं वर्ष चालू असल्याचा भास होतो. त्यात पृथ्वी नाही. पत्रिकेत कुठे असते?

तोमितांनी काय केलं? सुरुवातीला एका छोट्या संगीतपेटीतून गुरूची धून किणकिणते, मग बिनतारी खरखरीत अंतराळवीरांची बोलणी, मग रॉकेट सुटतं, आणि त्याच्या धुरातून मंगळ! म्हणजे ज्योतिष्याकडे निघालेल्या माणसाला वाटेत उचलून यानात बसवलं. होल्स्टच्या वारसांना हे मुळीच रुचलं नाही. मला वारसांची बाजू कळते. शनी म्हणजे आपल्याला येणारं म्हातारपण, आपल्या दारात उभं राहिलेलं. तोमितांचा शनी फार दूर आहे, कडी फिरताहेत, देखावा अप्रतिम आहे, आणि आपल्याला काहीही होणार नाही. एवढं असून रॉकेट सुटताना मी आजही आवाज थोडा वाढवतो. घरातली मंडळी आतून ओरडतात, तरी वाढवतो.

यापुढची उतरंड मी भराभर उतरतो. १९७६ सालीच वॉल्टर मर्फी यांनी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीला डिस्कोच्या ठेक्यावर नाचवलं. ते तरी उघड थट्टेने केलं होतं, आणि थट्टेला थट्टा म्हणून ते बरं आहे. पण १९८१ साली आलेल्या 'हुक्ड ऑन क्लासिक्स'ला माझ्याकडे क्षमा नाही. लंडनचा खराखुरा रॉयल फिलहार्मॉनिक वाद्यवृंद, हाडामांसाची माणसं, उत्तम वाद्यं. आणि खाली एक यंत्र टाळ्या वाजवत सगळ्यांना एकाच चालीने हाकतंय. चायकोव्हस्की संपला नाही तोच मोझार्ट, मोझार्टने तोंड उघडलं नाही तोच गर्श्विन. बारशाला आलेल्या नातेवाइकांची ओळख करून द्यावी तसं: हे मामा, ही आत्या, हे आत्याचे मिस्टर, चला पुढे. ही कॅसेट साडूंकडे आहे. देवघरवाल्या साडूंकडे! "अहो, यात खरी व्हायोलिनं आहेत," साडू म्हणाले.

खरी आहेत. पण ती वाजवणारांना श्वास घ्यायची परवानगी नाही. डिस्कोचा ठेका वाईट म्हणावा, तर त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी जपानी रोलँड यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड निघाली, कोणी तिच्याकडे फारसं फिरकलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या पोरांनी डोक्यावर घेतली. खाली यंत्राचा तोच 'धब धब' आहे. पण वर हा माणूस भैरव भैरवासारखा आणि ललत ललतासारखा मांडतो आहे, घाई न करता. आणि सुरावरून सुरावर घसरणाऱ्या त्या यंत्रातून, बघा बरं, मींड निघते. पेटीने एकतीस वर्षं दाराबाहेर उभं राहून जी काढता आली नाही ती!

खरा घात ठेक्याने केला नाही. तो बटणाने केला. १९८३ च्या आसपास अशी यंत्रं आली की ज्यांच्यावर 'स्ट्रिंग्ज' असं लिहिलेलं होतं. दाबलं, की चाळीस व्हायोलिनं. दहा बोटं ठेवली, तर दहाही सूर वाजणार. सूर सरकायचा नाही, चाळणी लावायची नाही, डाळ निवडायची नाही, पुरणपोळी पाकिटातून. ज्या अडचणींपायी कार्लोसबाई एकेका सुराशी महिनोन्‌महिने झगडल्या, त्या सगळ्या दूर झाल्या, आणि त्यांच्याबरोबर एकेका सुराचा विचार करण्याचं कारणही दूर झालं. मोझार्टची चाळिसावी सिंफनी घ्या. १९६१ साली 'छाया' चित्रपटात सलील चौधरींनी तिची धून घेऊन तिला असं मराठी-बंगाली-हिंदी घरातलं वळण लावलं की ती आपल्याकडेच न्हाऊमाखू झाली वाटावं. तीच सिंफनी पुढे मोबाइलच्या घंटीत आली. स्मशानात, सभागृहात, दातांच्या डॉक्टरांकडे, मी ती सगळीकडे ऐकली आहे. पहिल्या तीन सुरांत माणूस खिसा चाचपतो. मोझार्टला चौथा सूर गाठताच येत नाही.

या 'स्ट्रिंग्ज'च्या बटणाने कोणाचं पोट दाबलं, ते आमच्या माहीमला दिसायचं. आमच्या वाडीच्या मागच्या चाळीत एक गोव्याचे व्हायोलिनमास्तर राहत. लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले, मुंबईत येऊन तीस वर्षं सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवलेले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं मोठं ध्वनिमुद्रण असलं की सकाळी केस पेटीसारखे चापूनचोपून मास्तर ताडदेवला जाताना दिसत. दिवसातून दोन शिफ्टा. १९९० नंतर दोनाची एक झाली, मग आठवड्याला एक, मग मास्तर सकाळीही घरीच दिसू लागले. आमच्या मुलीला शिकवायला येत. वेळेच्या आधी पाच मिनिटं येत आणि फीचं पाकीट न मोजता खिशात घालत.

या मास्तरांना मी 'स्विच्ड-ऑन बाख' ऐकवू नये असं घरात ठरलं होतं. ज्याचं दुकान जळलं त्याला काडेपेटी काय दाखवायची? पण एका रविवारी शिकवणी संपायला आणि मी रेकॉर्ड पुसत बसायला एक गाठ पडली. त्यांनी कव्हर हातात घेतलं. विगवाला बाख आणि त्याच्यामागे वायरींचं झाड.

"हे कसलं मशीन?"

"मोग म्हणतात मास्तर."

"मोग?" मास्तर हसले. "आमच्या कोंकणीत मोग म्हंजे प्रेम. लाव बघू."

तिसरी ब्रँडनबर्ग सुरू झाली. मास्तर खुर्चीत मागे टेकले होते ते हळूहळू पुढे आले. डाव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता रेकॉर्डकडे बघत बसलो. मधेच त्यांनी हात वर केला.

"थांब, थांब बाब. परत लाव. ते मघाचं."

सुई मागे ठेवली.

"हां, हे. ही थर्ड व्हिओला." मास्तर कुजबुजले. "मी सिनेमात व्हायोलिन वाजवलं, पण हे चर्चच्या हॉलमध्ये वाजवलंय. व्हिओलावाला आला नाय की मला बसवत. पाचसहा वेळा वाजवलं. ऐकलं आज."

"म्हणजे?"

"अरे, बाजूला सगळी व्हायोलिनं, पाठीमागे चेलो. मधल्याला स्वतःचं पण ऐकू येत नाय." त्यांनी पुन्हा बोट वर केलं. "बघ, इथे गज उचलायचा. हिने पण उचलला. गज नाय, तरी उचलला. शिकलेली आहे बाई. हल्लीची पोरं बटण दाबतात, त्यांना गज उचलायचा म्हाईत नाय. म्हणून सगळं एकच वाजतं, फ्यानसारखं."

पुढच्या रविवारी मास्तर शिकवणीला आले ते व्हायोलिनऐवजी कुठूनतरी मागून आणलेली व्हिओला घेऊन. मुलीला अर्ध्या तासात मोकळं केलं. मग रेकॉर्ड लावायला सांगून मोगच्या सुराला तारा लावल्या. "तुझा प्लेयर जरा फास्ट चालतो," म्हणाले, आणि प्लेयरला नाही, व्हिओलालाच समजावलं. पहिला भाग त्यांनी सबंध वाजवला. समोर कागद नव्हता. खिडकीतून शेजारच्या मुलांची डोकी दिसत होती, मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. दोनदा ते चुकले, दोनदा रेकॉर्डमधल्या तिसऱ्या व्हिओलाने त्यांना सांभाळून घेतलं.

पहिला भाग संपला आणि तो मोकळ्या जागेचा मधला भाग आला. कुईकुई, घरघर, घसरगुंडी. मास्तरांनी बाखच्या त्या दोन जुडग्यांतला आपला एक-एक सूर लावला आणि गज गुडघ्यावर ठेवला.

"वाजवा की मास्तर," मी म्हणालो.

"बाखने दोन सूर लिहिले. माझे दोन झाले," मास्तर म्हणाले. "हे बाकीचं ओव्हरटाइम. कोण देणार?"

आणि तिसरा भाग येईपर्यंत ते ओठांत मात्रा मोजत बसून राहिले.